पावसाळ्यानंतरचं रंगकाम : पोपडे, लोणा, भेगा आणि भिंतीची तयारी

सातवा_मजला

नमस्कार मंडळी. दादर पश्चिम, १९८४ सालची आरसीसी इमारत, आतून पूर्ण रंगकाम करायचंय. तीन भिंतींची तीन दुखणी आहेत.

हॉलची पश्चिमेकडची भिंत : खिडकीखाली रंगाचे पोपडे सुटलेत. हात फिरवला की पांढरी भुकटी लागते.
बेडरूमची भिंत, पलीकडे बाथरूम : जमिनीपासून कमरेपर्यंत रंग फुगलाय, काही ठिकाणी काळे ठिपके.
आतली कोरडी भिंत : बीमच्या खाली आडवी सरळ भेग, आणि स्विचबोर्डापासून वर छतापर्यंत उभी भेग.

रंगारी म्हणतो, "खरवडून दोन हात पुट्टी मारतो, आठ दिवसांत घर मोकळं करतो, दिवाळी नव्या रंगात." हे जमण्यासारखं आहे का? पुट्टी किती लागेल, प्रायमर आधी की नंतर, आणि गिलावा कुठपर्यंत फोडायचा, हे जाणकारांनी सांगावं.

ओळंबा

तिसरी भिंत आठ दिवसांत होईल. पहिल्या दोन होणार नाहीत. केल्या तर येत्या जुलैत हाच धागा वर काढावा लागेल.

पुट्टी ही दीड मिलिमीटरची पापुद्री. ती भिंत गुळगुळीत करते, पाणी अडवत नाही. मागून पाणी येत असेल तर पुट्टी, डॅम्पप्रूफ कोट, महागडा इमल्शन रंग, सगळं एकत्र सुटतं. आतून जाड वॉटरप्रूफ कोट मारला की ओल त्या जागी दबते आणि दोन फूट बाजूला, कोट संपतो तिथे फुटते. म्हणून खरवडणीच्या आधी पाण्याचा पत्ता लावायचा.

पत्ता लागतो तो वेळेवरून. ओल फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत. बारा महिने सारखीच असेल तर नळाची दाबाची लाइन. आंघोळी-कपडे झाल्यावर वाढून रात्री उतरत असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाण्याचं तोंड), टाइल्सचे सांधे किंवा ड्रेनेज. सोसायटीचं पाणी ठरावीक वेळेलाच सुटत असेल तर आणखी सोपं : ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख-वेळ लिहा, पाणी सुटल्यावर दोन तासांनी पुन्हा बघा. रेघ ओलांडली असेल तर पाइप बघायला घ्या.

बाथरूमसाठी : चार दिवस ते बाथरूम वापरू नका, पण नळाची लाइन चालू ठेवा. ओल मागे सरली तर सांडणारं पाणी दोषी. जराही हलली नाही तर भिंतीतला पाइप. १९८४ ची इमारत म्हणजे भिंतीत जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप असणार. चाळीस वर्षांत ते गंजून सांध्याशी पाझरतात. प्लंबरला सगळी तोंडं बंद करून हातपंपाने प्रेशर टेस्ट करायला सांगा. गेजचा काटा उतरला तर लाइन बदलायची, तिथे दुरुस्तीत पैसे घालू नका. लाइन ठीक निघाली तर ट्रॅपचं तोंड प्लगने बंद करून, दोन इंच पाणी भरून, त्यात थोडा खाण्याचा लाल रंग टाकून २४ तास ठेवा. खालच्या मजल्यावर आधी सांगा, नाहीतर रात्री दोनला बेल वाजेल.

परांची

पश्चिमेच्या भिंतीबद्दल भर. मुंबईत पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, त्यामुळे पश्चिम-दक्षिण भिंतींचे हाल ठरलेले. खिडकीखालीच पोपडे म्हणजे खिडकीपासून सुरुवात करा. खिडकीचा बाहेरचा कठडा आत उतरतोय का? तांब्याभर पाणी ओतून बघा, पाणी बाहेर पळायला हवं. ॲल्युमिनियम फ्रेम आणि भिंत यांतला सिलिकॉन कडक होऊन सुटलाय का? छज्जाच्या वरच्या बाजूला, भिंतीला मिळतो त्या कोपऱ्यात भेग आहे का? एसीच्या ब्रॅकेटची जुनी भोकं, एसीचा पाइप जिथून आत येतो ते भोक (याचा उतार बाहेर हवा, बहुतेक ठिकाणी आत असतो), पावसाच्या पाइपचे क्लॅम्प. निम्म्या वेळा एवढ्यातच चोर सापडतो.

बाहेरच्या गिलाव्यालाच भेगा असतील तर ते सोसायटीचं काम. उपविधींप्रमाणे पावसाची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने काढायची असते. लेखी अर्ज द्या, सोबत फोटो जोडा. परांची बांधल्याशिवाय सातव्या मजल्यावर ते होणार नाही, आणि एका फ्लॅटपुरती परांची कुणी बांधत नाही. तेव्हा बाहेरचं होईपर्यंत आतल्या त्या पट्ट्यावर खर्च करू नका. नुसतं खरवडून मोकळं ठेवा, भिंतीला श्वास घेऊ द्या.

चुनाभट्टी

पांढरी भुकटी म्हणजे लोणा. विटेतले, सिमेंटमधले आणि रेतीतले क्षार पाण्यात विरघळतात, भिंत वाळताना पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं, क्षार तिथेच स्फटिक होऊन राहतात. स्फटिक वाढताना रंगाला मागून ढकलतात. म्हणून पोपडा पावसात कमी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या उन्हात जास्त सुटतो. लोक म्हणतात, "पाऊस गेला तरी सुटतंय." पाऊस गेला म्हणूनच सुटतंय. जुन्या इमारतींत खाडीची रेती सर्रास वापरलेली, त्यामुळे मिठाचा साठा भरपूर.

लोणा पाण्याने धुऊ नका. धुतला की तो विरघळून पुन्हा आत जातो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. कोरड्या ताठ ब्रशने झाडा, खाली वर्तमानपत्र पसरून भुकटी गोळा करून फेका. आठवडाभराने पुन्हा. तिसऱ्या खेपेला ब्रशला काही लागलं नाही तर पुढे जा. प्रत्येक वेळी मूठभर निघतच असेल तर पाणी अजून चालू आहे, किंवा गिलाव्यातच मीठ मुरलंय. मग गिलावा काढण्याला पर्याय नाही.

काळे ठिपके म्हणजे बुरशी, तिथे मात्र ओलं काम. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग, स्पंजने लावून १५-२० मिनिटं ठेवा, घासून स्वच्छ पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. कोरडी बुरशी खरवडायची नाही, ती घरभर उडते. खिडकी उघडी, हातात मोजे. आणि ब्लीचसोबत टॉयलेटचं ॲसिड कधीही नाही, क्लोरीन वायू सुटतो.

सातवा_मजला

खूप आभार. भिंत वाळली हे कळायचं कसं? हाताला तर पश्चिमेची भिंत कोरडीच लागते.

ओळंबा

हातावर विसंबू नका. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक पॉलिथीन घ्या, चारी कडा टेपने हवाबंद चिकटवा, २४ तास ठेवा. पोपडे असतील तिथे आधी खरवडा, नाहीतर टेप धरणार नाही. मग काढण्यापूर्वी नीट बघा : थेंब प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, म्हणजे भिंतीकडे असतील किंवा खालची भिंत गडद झाली असेल, तर पाणी भिंतीतलं. थेंब बाहेरच्या अंगाला असतील तर ती मुंबईची हवा, भिंतीचा दोष नाही. हा फरक न बघता लोक चांगला गिलावा फोडून बसतात.

वाळायला वेळ लागतो. विटांची नऊ इंची भिंत पाणी बंद झाल्यावर आठवड्यात वाळत नाही, महिने घेते. पंखा तिच्याकडे वळवा, कपाट दोन फूट पुढे ओढा, एसी असेल तर ड्राय मोडवर चालवा. हॅलोजन लावून भाजू नका. वरून वाळते, आत ओली राहते, आणि गिलाव्याला बारीक भेगा जातात.

काचकागद

आता खरवडणी. रंगकामातलं सगळ्यात घाणेरडं आणि म्हणून सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम.

चाळीस वर्षांच्या भिंतीवर सात-आठ थर असणार : तळाला चुना किंवा सुकं डिस्टेंपर (पाण्यात कालवायची रंगाची पावडर), वर ऑइलबाउंड डिस्टेंपर, वर इमल्शन. वरचे थर घट्ट दिसतात, पण सगळे त्या तळाच्या डिस्टेंपरवर उभे. तपासायला ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर आडव्या-उभ्या चिरा पाडा, वर रुंद चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकटीचे तुकडे पट्टीवर आले तर तो थर जायलाच हवा. पट्टीवर नुसती खडूसारखी धूळ आली तर ते डिस्टेंपर. ते ओल्या स्पंजने पूर्ण धुऊन काढायचं, बोटाला पांढरं लागायचं थांबेपर्यंत. डिस्टेंपरवर मारलेली पुट्टी पापडासारखी सलग सुटते. इथे पुट्टीचा दोष नसतो, पण शिव्या तिलाच बसतात.

तुकतुकीत ऑइलपेंट असेल तर सिमेंटची पुट्टी त्याच्यावर धरत नाही, कारण तिला पाणी शोषणारा तळ लागतो. एक तर पूर्ण काढा, किंवा १२० नंबरच्या काचकागदाने चमक मारून, सॉल्व्हंट प्रायमर देऊन वर ॲक्रिलिक पुट्टी घ्या.

आणि एक गोष्ट गांभीर्याने. घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः दारं-खिडक्या आणि स्वयंपाकघरातल्या पट्ट्यात, शिसं असू शकतं. तिथे कोरडं घासू नका, भाजून काढू नका. पाण्याचा फवारा मारत वॉटरपेपरने घासा, रोज ओल्या फडक्याने पुसा, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ते दिवस त्यांना दुसरीकडे ठेवा. एन-९५ मास्क रंगाऱ्यालाही द्या, रुमालाने काही होत नाही.

गवंडीकाम

गिलावा कुठपर्यंत फोडायचा : हातोडीच्या दांड्याने किंवा नाण्याने ठोकत चला. टणक टणक आवाज म्हणजे धरलेला, बद्द वाजला की पोकळ. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारा आणि त्या रेघेच्या पलीकडे एक फूट काढा. लोणा लागलेल्या भिंतीला तर हा एक फूट सोडूच नका, क्षार डागाच्या पुढे गेलेले असतात. कडा चौकोनी, सरळ कापा. ग्राइंडरने आखून मग छन्नी. आधी त्या खोलीचा एमसीबी (विजेचा मुख्य स्विच) बंद.

विटा उघड्या झाल्या की दर्जा (विटांमधले सांधे) १०-१२ मिलिमीटर खोल खरवडा, तारेच्या ब्रशने झाडा. कॉलम-बीम आला तर त्याला टाचे (छन्नीने बारीक खाचा) मारा, गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही. आदल्या दिवशी भरपूर पाणी, लावायच्या वेळी भिंत दमट पण पाणी न ओघळणारी.

हिशोब ५० चौरस फुटांचा, १२ मिलिमीटर जाडी, १:४ माल (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) : सिमेंट साधारण २१ किलो, रेती दोन घनफूट. वाया जाणारं धरून १० टक्के वाढवा. इंटिग्रल वॉटरप्रूफिंग लिक्विड ५० किलोच्या गोणीला २०० मिली या हिशोबाने सुमारे ८५ मिली. "थोडं जास्त टाकलं तर बरं" असं नाही, जास्त टाकलं तर माल कमजोर होतो. एवढ्याशा कामाला सातव्या मजल्यावर रेती चढवण्यापेक्षा ४० किलोची रेडीमिक्स प्लास्टरची गोणी सोयीची, फक्त पाणी घालायचं.

जाडी २० मिलिमीटरच्या वर जात असेल तर दोन थरांत. पहिला थर ओरखडून ठेवा, दुसऱ्या दिवशी दुसरा. नवा गिलावा जुन्याच्या पातळीपेक्षा एखादा मिलिमीटर आत ठेवा, पुट्टीने सांधा बुजवायला जागा मिळते. सात दिवस पाणी, दिवसातून दोन-तीनदा. आणि मग २८ दिवस रंग नाही. ताज्या सिमेंटचा अल्कली इमल्शनला खातो, गडद रंगावर फिकट डाग उमटतात.

रेडीमिक्स_नको

२८ दिवस पुस्तकात. कोरड्या भिंतीवर छोटा पॅच असेल तर १५ दिवसांनी अल्कली-रोधक प्रायमर मारून पुढे गेलं तर चालतं.

गवंडीकाम

हातभर पॅच, कोरडी भिंत, फेब्रुवारी महिना, तर वाद घालणार नाही. इथे ५० फूट, ओलीची भिंत, ऑक्टोबर. २८ च.

चुनाभट्टी

हा धागा वाचणारे कुणी गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीतले असतील तर वरचा सिमेंटचा हिशोब तुमच्यासाठी नाही. चुन्यात बांधलेल्या विटांवर सिमेंटचा कडक गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि गिलावा विटेचं तोंड घेऊन पडतो. तिथे चुना-रेती १:३ आणि वर चुन्याचाच रंग, किंवा निदान हवा जाऊ देणारा. प्लास्टिक पेंट नको.

तडा

भेगांचं मी घेतो. बीमच्या खालची आडवी भेग म्हणजे वीट आणि काँक्रीट यांचा सांधा. दोघांचं प्रसरण-आकुंचन वेगळं, त्यामुळे भेग जाणारच. घाबरण्यासारखं नाही, पण नुसती पुट्टी भरली तर सहा महिन्यांत पुन्हा तीच रेघ. पटाशीने किंवा ग्राइंडरने व्ही आकाराची खाच करा, ५ मिमी रुंद, ६ ते ८ मिमी खोल. ब्रशने धूळ काढा, ओलसर करा, ॲक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरा. बोटाने वरवर पुसू नका, पट्टी भेगेला आडवी ओढा म्हणजे माल आत जातो. दुसऱ्या दिवशी तो बसतो, मग पुन्हा भरा. वर सहा इंच रुंद फायबर मेश (जाळी) फिलरच्या पातळ थरात दाबून बसवा. पूर्ण सांधा फोडायची तयारी असेल तर खिळ्यांनी चिकन मेश आणि वर गिलावा, ते जास्त टिकतं.

स्विचबोर्डावरची उभी भेग म्हणजे वायरिंगची झिरी (वायरचा पाइप बसवायला भिंतीत कापलेली खाच). पाइप वर आला असणार, त्याच्यावर मालाचा थर पुरेसा नाही. पट्टा उकरून बघा. पाइप भिंतीच्या पातळीपासून निदान १५ मिमी आत हवा. नसेल तर झिरी खोल करून पाइप आत दाबा, मेश मारा, १:३ मालाने भरा. पीओपीने झिरी भरायची पद्धत आहे, ती भेग तिथूनच येते.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच जागी दिसणारी भेग वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख. मधोमध काचेची छोटी पट्टी इपॉक्सीने आडवी चिकटवा. काच तडकली तर भेग जिवंत आहे. मग रंगारी नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर.

परांची

त्याला जोडून : छताचा पोपडा पडून गंजलेली सळई दिसत असेल तर तीही पुट्टीची जागा नाही. लोखंड गंजताना कित्येक पट फुगतं आणि कव्हर (सळईवरचं काँक्रीट) फोडतं, समुद्राजवळ तर फारच. सैल काँक्रीट काढून सळईची मागची बाजूही मोकळी करा, गंज ब्रशने साफ, अँटी-रस्ट कोट, बाँड कोट, मग पॉलिमर मॉर्टर. प्रमाण १:५:१५, म्हणजे पॉलिमर एक किलो, सिमेंट पाच, क्वार्ट्झ रेती पंधरा. सळई निम्मी उरली असेल तर हेही पुरेसं नाही. ३० वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या ३५३-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच, सेक्रेटरींकडून तो अहवाल मागून वाचा.

सातवा_मजला

छत ठीक आहे, ठोकून पाहिलं, कुठे बद्द वाजत नाही. आता प्रायमर आणि पुट्टी?

काचकागद

यावर दर वर्षी भांडण होतं. उत्तर पुट्टी कोणती यावर आहे. व्हाइट सिमेंटची पुट्टी : खाली प्रायमर नको, ओलसर उघड्या गिलाव्यावर थेट, वर प्रायमर. ॲक्रिलिक पुट्टी : खाली एक हात प्रायमर हवाच, वर पुन्हा एक. मुंबईत ओलीची शक्यता असलेल्या भिंतीला सिमेंटचीच घ्या. ॲक्रिलिक घासायला मऊ म्हणून रंगाऱ्यांना आवडते, पण ओल लागली की साबणासारखी होते.

पीओपी किंवा जिप्सम पनिंग (गिलाव्यावरचा जिप्समचा गुळगुळीत थर) असेल तर सिमेंट पुट्टी थेट मारू नका. ओलाव्यात सिमेंट आणि जिप्सम यांची रासायनिक क्रिया होऊन थर सुटतो. तिथे प्रायमर आणि ॲक्रिलिक. आणि पश्चिमेच्या भिंतीवर जिप्सम करूच नका.

किती लागेल : १० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ. भिंती ४१८ चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता ३७० च्या आसपास, छत १२०. एकूण ४९०. दोन हातांना किलोमागे १५ फूट धरा (गोणीवर २० लिहिलेलं असतं, ते अगदी सपाट भिंतीचं). म्हणजे ३३ किलो, ४० ची एक गोणी. प्रायमर एका हाताला पाच लिटर.

एक किलोला ३६० ते ४०० मिली पाणी. पावडर पाण्यात टाका, उलट नाही, नाहीतर गुठळ्या राहतात आणि पट्टीला रेघा पडतात. दोन-तीन तासांत संपेल एवढंच कालवा. घट्ट झालेल्यात पाणी घालून परत चालवायचं नाही. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटर. त्याहून खोल खड्डा आधी मालाने भरा. आणि गोणी तुमच्यासमोर फोडायला सांगा. पुट्टीत खडूची पावडर मिसळली की घासायला लोण्यासारखी आणि वर्षभरात भुसभुशीत.

ओळंबा

लांबीवाल्यांच्या पोटावर पाय आणलात :) पण सहमत. लांबी म्हणजे जुन्या पद्धतीची तेलात कालवलेली पुट्टी, ती लाकडाला उत्तम, ओलीच्या भिंतीला नको.

काचकागद

घासताना १८० ने सुरुवात, ३२० ने शेवट. संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करा, एलईडी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिच्याच दिशेने आडवा प्रकाश टाका. पॅचची कड, पट्टीची रेघ, खिळ्याचं भोक, सगळं सावलीसकट उभं राहतं. पेन्सिलने गोल करा, सकाळी भरा. मग धूळ ओलसर फडक्याने पुसा. धुळीवर मारलेला प्रायमर धुळीलाच चिकटतो. दुरुस्तीच्या पॅचवर आधी वेगळा एक हात प्रायमर, मग सगळ्या भिंतीला. नाहीतर पॅच रंग जास्त पितो आणि तिरप्या उजेडात नकाशा दिसतो.

सातवा_मजला

मग असं करतो : कोरडी भिंत, छत आणि दुसरी खोली आत्ता. बाथरूमची प्रेशर टेस्ट या आठवड्यात. पश्चिमेची भिंत खरवडून उघडी ठेवतो, सोसायटीला अर्ज देतो. रंगाऱ्याला दोन टप्प्यांचा दर विचारलाय, तो कुरकुरतोय.

परांची

कुरकुरणारच, दोनदा यावं लागणार. दर चौरस फुटाने ठरवा, तयारीचा वेगळा आणि रंगाचा वेगळा. एकत्र ठरवलात की तयारीच कमी होते. पश्चिमेच्या भिंतीची प्लास्टिक टेस्ट जानेवारीत घ्या, तेव्हा हवा कोरडी असते. बाथरूमची लाइन आत्ता बदलली तर गिलावा डिसेंबरच्या आधी नको.

फोडलेला माल जिन्याखाली ठेवू नका, सोसायटी दंड लावते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत अर्ध्याच भरा, पूर्ण भरलेली गोणी उचलताना फाटते. थोडा माल असेल तर महापालिकेच्या 'डेब्रिज ऑन कॉल'ला विचारा.

सातवा_मजला

प्लंबर शनिवारी येतोय. काटा उतरला की नाही ते इथेच लिहितो.